वाळवणाचे कार्ड

चामटोली,
६ फेब्रुवारी १९५५

चि. दिनानाथ यास वेणूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. शशिकांतचा खोकला गेला हे वाचून बरे वाटले. सुहासिनीला म्हणावे, अडुळसा उकळून देत जा, बाटलीतल्या औषधावर फार भरवसा नको.

इकडे हवेचे डोके फिरले आहे. पहाटे घोंगडी पुरत नाही आणि दुपारी तळपाय भाजतात. परवा दिवसभर आभाळ भरून राहिले आणि मिरचीची पाने लगेच मुरडली. मी राख चाळून झाडाझाडावर टाकली, पाणी संध्याकाळी द्यायला लागले, तरी निम्मी फुले गळालीच. उरलेली धरली आहेत. मी झाडांशी बोलते म्हणून शेजारची जनी मला हसते.

आबांचा शब्द तुला आठवतो ना? वेणूची मिरची वाळून घरात येते तोवर मळा वेणूचा, ज्या साली येणार नाही त्या साली दिनानाथने हवे ते करावे. कपाळ पुसून माहेरी आले त्याला अकरा वर्षे झाली, एकही साल हुकले नाही. यंदाही हुकू देणार नाही. खरे सांगते, कोणाच्या घरात ओझे होऊन राहायची पाळी आली तर मी चार महिने जगणार नाही.

तुझी कार्डे तेवढी वेळेवर येऊ देत. आगपेटीच्या काड्या सादळू नयेत म्हणून साहेबाने कारखान्यात लावलेला तो ओलाव्याचा काटा मला आमच्या गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांपेक्षा शहाणा वाटतो. गेल्या साली काटा चढला, तू कार्ड टाकलेस, मी मिरच्या आत घेतल्या आणि दुसऱ्याच दिवशी पाऊस आला. तेव्हा यंदाही तसेच. कार्ड आले की मिरच्या आत, कार्ड नाही तर मिरच्या खळ्यावर. रोज गोळा करून रोज पसरल्या की देठ मोडतात आणि बिया सांडतात.

मुलाला गोड पापा.

तुझी,
वेणूताई


अंबरनाथ,
११ मार्च १९५५

तीर्थस्वरूप गं. भा. ताईस, बालके दिनानाथचे शि. सा. न. वि. वि.

होळीला पाठवलेल्या हिरव्या मिरच्यांनी शशिकांतच्या डोळ्यांतून पाणी काढले आणि माझ्या ताटातला भात दुप्पट झाला. अशा हवेत तू झाडे जगवलीस, मानले तुला.

आमच्या घराचा पाया भरून झाला. भिंती मात्र अडल्या आहेत. उल्हासनगरच्या कॅम्पातले ते शेठ मळ्यासाठी पुन्हा येऊन गेले. नदी जवळ, रस्ता जवळ, त्यांना गोदाम बांधायचे आहे. मी सांगितले की आमच्या ताईची मिरची अजून हरलेली नाही. ते हसले आणि म्हणाले की पावसाळ्यापर्यंत वाट पाहू. मीही पाहतो. आबांचा शब्द मोडणारा मी कोण?

पण ताई, पन्नाशी आली तुझी. वाकून वाकून तूच मिरचीसारखी सुकली आहेस, रागावू नकोस. नव्या घरात मागच्या अंगाला तुझ्यासाठी खोली धरली आहे. स्वयंपाकघराला लागूनच आहे, म्हणजे सुहासिनीलाही हाताशी कोणी होईल.

कार्डाची काळजी सोड. काटा हलला की त्याच दिवशी कार्ड पेटीत पडेल.

तुझ्या मायेचा भुकेला,
दिनानाथ


चामटोली,
२ एप्रिल १९५५

चि. दिनानाथ यास आशीर्वाद.

गुरुवारी दुपारी पाऊस आला. गाराही होत्या. आठ दिवसांचे कडक ऊन लागून मिरची हातात खुळखुळत होती. आणखी दोन दिवसांत पोती भरली असती.

बुधवारी संध्याकाळीच अंग चिकचिकत होते. जनी म्हणाली की आजच्या आज आत घेऊ. मी पोस्टमनची वाट पाहिली. गुरुवारी सकाळीही कार्ड नव्हते, तेव्हा मी तिला ठणकावून सांगितले की माझ्या भावाचा काटा चुकत नाही. चूक माझीच. मिरच्या झाकायला आम्ही दोघींनी अंगावरची लुगडी सोडायची तेवढी बाकी ठेवली, पण ओंजळी भरेपर्यंत खळ्यात घोट्याएवढे पाणी झाले.

आज सगळ्या मिरच्यांवर बुरशी धरू लागली आहे. घरात न्यावी अशी एक नाही.

एवढेच कळव, काटा हलला नव्हता का?

वेणूताई


अंबरनाथ,
६ एप्रिल १९५५

तीर्थस्वरूप ताईस, दिनानाथचे शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून घास उतरला नाही. काटा तसूभर हलला नव्हता. मी रोज दोनदा खात्यात जाऊन पाहत होतो. हवाच अशी लहरी, तिथे यंत्राने काय करावे? स्वतःला दोष देऊ नकोस.

आता आबांचा शब्द पाळणे तेवढे आपल्या हाती आहे. शेठचे मुनीम रविवारी कागद घेऊन येतील, सही कर. सुहासिनीला मिरच्यांचे मी काही सांगितलेले नाही. ती हळवी आहे, जिवाला लावून घेईल. तूही तिला लिहू नकोस.

तुझी खोली वाट पाहते आहे.

तुझाच,
दिनानाथ


अंबरनाथ,
११ एप्रिल १९५५

तीर्थस्वरूप वन्संना सौ. सुहासिनीचा सा. न. वि. वि.

हे ड्यूटीवर गेले आहेत, म्हणून निवांत लिहायला बसले. यंदा पापड, कुरडया, सांडगे सगळे मनासारखे झाले. तेही यांच्यामुळे. त्या बुधवारी हे भरदुपारी कारखान्यातून धावत घरी आले, काटा भराभरा चढतो आहे म्हणाले, आणि स्वतः चटया उचलून आत आणल्या. एक कुरडई भिजली नाही. शेजारच्या बनूबाईंचे सगळे वाळवण वाहून गेले, दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

मी यांना विचारले, वन्संना कळवलेत का? तर म्हणाले, आधी ताईला कार्ड टाकले, मग घरी आलो. असा भाऊ मिळायला भाग्य लागते हो. एवढ्या मिरच्या वाचल्या असून तुम्ही कंबर दुखते म्हणून आपणहून मळा सोडता आहात, हे ऐकून मला गहिवरून आले.

आता भिंती उठतील. नुसता पाया बघायलाच लोक येतात आणि नको तसे बघतात. शनिवारी दृष्ट काढीन म्हणते. तुमच्या हातच्या सात मिरच्या पाठवा, बाजारच्या नकोत. ठसक्याने सगळे घर खोकले की माझ्या जिवाला स्वस्थता.

आमच्यावरची माया अशीच राहू द्यावी.

आपली,
सुहासिनी


चामटोली,
१५ एप्रिल १९५५

दिनानाथ,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही.

मुनिमांच्या कागदावर मी सही केली. मिरची घरात आली नाही, शब्द पुरा झाला. तुझी मागची खोली रिकामीच ठेव. मी जनीच्या ओसरीवर राहीन.

सुहासिनीचे पत्र आले. कुरडया वाचल्या हे कळले. पाटीवर तुझा हात धरून मी तुला अक्षरे गिरवायला लावली होती. त्या हाताला एक ओळ लिहायला कितीसा वेळ लागला असता? मळा मागितला असतास तर मी भांडले असते, रडले असते, आणि शेवटी दिला असता. तू मला भर पावसात खळ्यावर वाकवलेस, आणि चूक माझीच असे माझ्या तोंडून घेतलेस. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तिने सात मिरच्या मागितल्या होत्या. कुजलेल्यांतल्या सात निवडून पुसल्या आणि पुन्हा उन्हात वाळवल्या. दिसायला लालभडक आहेत, पण बिया पाण्याबरोबर गेल्या आणि तिखटपणाही गेला. अशाच सात मी आधी माझ्या चुलीत टाकून पाहिल्या, साधी शिंक आली नाही. तुमच्या अंबरनाथच्या बुवापाड्याला निघालेल्या गावच्या हरिचंद्रच्या हाती त्या आजच तिला पोचत्या केल्या.

हे पत्र उद्या कारखान्याच्या पत्त्यावर टाकते. तुला सोमवारी मिळेल. तोवर तिने तुमच्यावरून मिरच्या उतरून विस्तवात टाकल्या असतील, घरात कोणी खोकले नसेल, आणि ती दोन दिवस रडून विचारत असेल की आपल्या घराला एवढी वाईट दृष्ट लागली कोणाची.

मिरच्या भिजलेल्या होत्या एवढे सांगितलेस की तिची भीती जाईल. मग त्या भिजल्या कशा, हे ती विचारील. सांगायचे की नाही ते तू ठरव. तुझ्याकडून कार्ड आले नाही, तेव्हा तिच्यासारखीच मीही तुझ्या भरवशावर स्वस्थ बसले होते.

वेणू