आत्याच्या गोष्टीतलं विमान

दि. ४ मार्च

चि. भिंगरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू सुटे भाग जोडून दिलेला कॉम्प्युटर छान चाललाय, पण फार बोलतो गं! मी तोंड उघडलं की ह्याचे पंखे सुरू. अंध वाचकांच्या ग्रंथालयाने माझ्या वाचनाचा रेकॉर्ड केलेला नमुना परत पाठवला. तिथल्या बाई म्हणतात, गोष्टीच्या डोक्यावरून सारखं विमान जातंय आणि तुम्ही त्याच्यावर ओरडताय. महिनाअखेरपर्यंत स्वच्छ नमुना गेला नाही तर पुस्तक दुसऱ्या कुणाला देणार.

हसू नकोस. जन्मभर मी बसस्थानकाच्या माइकवर गाड्यांच्या वेळा सांगितल्या. आपली गाडी कळली की माणूस पळाला, माझं पुढचं वाक्य ऐकायला कुणी थांबलं नाही. आता कुठे अख्खी गोष्ट हाती आलीय, ती मला सोडायची नाही. तुझे आतोबा पडले डेपोतले मेकॅनिक, त्यांचे हात शिवशिवतायत. त्याआधी उपाय कळव.

लोभ असावा, ह्या यंत्रापेक्षा कमी तापट असला तरी चालेल.
तुझी आत्या

दि. ९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अगं, पंख्यांना शिस्त लावता येते. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहा, सेटिंगचा पडदा येईल. त्यात पंख्यांचा आलेख आहे, किती तापलं की किती वेगाने फिरायचं त्याचा. साठ अंशांपर्यंत रेघ खाली ठेव, मग चढव, ऐंशीला पूर्ण वेग. वेग बदलायला जरा उशीर लावायची सोयही तिथेच आहे, ती चालू कर. म्हणजे थोडं गरम झालं की पंखे दचकून उठणार नाहीत.

आतोबांना नमस्कार सांग आणि त्यांचा पान्हा लपव.

आशीर्वाद असू दे, हळू आवाजातला चालेल.
भिंगरी

दि. १५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पान्हा लपवला, पण माणूस मोकळाच राहिला ना! ह्यांचं म्हणणं, गाडीचं इंजिन गार असताना पंखा फिरतो का? मग इथे कशाला? मी अंघोळीला गेले तेवढ्यात ह्यांनी रेघ पार शून्यावर आणली आणि चढ द्यायचा विसरले. घरात काय शांतता! मी वाचायला बसले, नायिकेचा हात दाराच्या कडीवर पोचला आणि यंत्र तापून फट्‌कन बंद. सगळं वाचन गेलं. मी अशी कडाडले की खालच्या मजल्यावरची मंडळी वर आली.

मग ह्यांनीच चष्मा लावून तुझं पत्र वाचलं आणि चढ नीट काढला. आता पंखा फिरतोय की नाही ते मागे हात धरून बघावं लागतं. आज पुन्हा वाचलं. माझा आवाज इतका खाली उतरतो हे मलाच ठाऊक नव्हतं! नमुना पाठवलाय.

माया कर, आणि प्रार्थनाही.
आत्या

दि. २८ मार्च

चि. भिंगरीस,
गोड गोड आशीर्वाद.

पुस्तक मिळालं गं! बाई म्हणतात, विमान गेलं, पण एका पानावर कुणी पुरुष नाक ओढतोय, तेवढं पान पुन्हा द्या. दुसरं कोण असणार? हे दाराआड बसून ऐकत होते. नायिकेची आई गेली तिथे ह्यांचा धीर सुटला.

खरं सांगू? हे बोलणार इंजिनावरून ओरडल्यासारखं, मी माइकवरच्यासारखं, असाच आमचा संसार झाला. आता प्रत्येक प्रकरण आधी ह्यांना वाचून दाखवते, ह्यांचं रडून झालं की मग रेकॉर्डिंग. काल वाचता वाचता मी पाणी प्यायला थांबले. तर ह्यांनी अगदी हळू विचारलं, पुढे काय झालं? मी पेला तसाच खाली ठेवला गं, आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

लोभ करतेसच, तो करत राहा.
तुझी आत्या