आईचं हसू आणि माझी कंबर

३ मार्च २००५
संकल्प! आई हसली, शिंकली, कळशी उचलली की लुगडं ओलं होतं. कंबर दुखते ते वेगळंच. म्हणून ती तोंडात पदर कोंबून हसते. यावर फिजिओथेरपी असते, पेपरात वाचलं. १४ एप्रिलच्या जयंतीच्या आत आई खदखदून हसणार. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. दवाखाना शोधायला असा कितीसा वेळ लागतो?

४ मार्च
आईची अट : "माजं नाव निघालं तर मी येनार न्हाई." सोपं आहे. त्रास मलाच आहे असं सांगायचं. कुणाला काही कळणार नाही.

७ मार्च
मंचर. हाडांच्या दवाखान्यात कंपाउंडरच्या कानात सांगितलं. त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "कंबर आन् ओटीपोटाचा व्यायाम कुठं करून घेत्यात वं? ह्या ताईंना पायजे." बाकांवरचे सगळेच विचारात पडले. लोक किती मदत करतात! येताना जीपवाला नवनाथ ओरडला, "कंबरवाल्या ताईंना पुढं बसू द्या!" शिक्षणाला मान आहे.

१३ मार्च
बोरी बुद्रुकचे पाहुणे मला बघायला येणार होते. आले नाहीत. मुलाच्या आईचा, साळुबाईंचा निरोप : "पोरगी शिकल्याली हाय, पन कमरंत दोष हाय म्हनं." बरंच झालं. मला कुठे लग्न करायचंय? (मुलगा शिक्षक. उंच.) आई रडली. म्हणाली, "चल, कुठं न्यायचं तिथं ने."

२० मार्च
सापडलं! नारायणगाव, खताच्या दुकानावर. कंबरदुखीवाल्यांसाठी जिना जरा उभा आहे. फिजिओथेरपीच्या मंगल मॅडम हाडांचं बघतात, बायकांचं हेही बघतात. बाकावर एक मावशी पदर नाकापर्यंत ओढून बसलेल्या. मी त्यांना लाज सोडण्यावर छोटंसं भाषण दिलं. त्यांनी विचारलं, पेशंट कोण? मी म्हटलं, मी. आई एकदम म्हणाली, "न्हाई, मी. हसले की लुगडं वलं व्हतं माजं. पोरगी धडधाकट हाय. बोरीच्या साळुबाईनं उगंच नाव ठिवलं."
मावशींनी पदर खाली केला. "मीच साळुबाई. शिंकले की माजंबी तुमच्यावानीच व्हतं."
आई पदर न लावता हसली. साळुबाईही. मग दोघींना एकदम बाथरूमला लागली. चावी खाली खतवाल्याकडे. मी धावले.

२७ मार्च
साळुबाईंचा निरोप आला! मुलाचं गेल्या आठवड्यातच ठरलं. पण "पोरगी हुशार हाय, दर रविवारी मलाबी दवाखान्यात घिऊन जात जा," म्हणाल्या.
आज दोघींना नेलं. नवनाथ पुन्हा ओरडला, "कंबरवाल्या ताई, या पुढं!" मागच्या सीटवर दोघी इतक्या हसल्या, की जीप वाटेत थांबवावी लागली.
पुढची सीट मात्र मलाच.