एक चिंचोका जास्त

बाबा, आज दुपारी चिंच फोडत बसले होते आणि तुमची अशी आठवण आली की एकटीच हसले. बसले होते म्हणजे इथे सौदीत, जुबैलला, मुलाच्या घरी, स्वयंपाकघरात खाली फरशीवर. ओट्याशी उभं राहून मला अजून जमत नाही, सून म्हणते, अम्मी, पाय आखडतील. आखडू देत. चिंच इंडियन दुकानातली, पण चिंचोके अगदी आपल्यासारखे काळे, चकचकीत. तेवढ्यात नात शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "दादी, ये सीड्स मुझे चाहिए." तिच्या टीचरने काम दिलंय. क्रिमिया नावाचा कुठला मुलूख आहे, तिथल्या लोकांनी मतं टाकून सांगितलं की आम्हाला युक्रेन सोडून रशियात जायचंय. आता कुठला देश त्यावर काय म्हणाला ते नकाशावर मांडायचं. मत मानलं त्या देशावर चिंचोका, नाही मानलं त्यावर चणा. पोरगी पेपरात बघून मांडत गेली. चणे पुरेनात. मी विचारलं, "अगं, आपल्या इंडियाने काय केलं?" तर म्हणते, "ना हां बोला, ना ना. बस चुप." मी इतकी हसले की हातातली चिंच पडली. बाबा, हा तर आपला मधला गाव!

मग तिला सगळं सांगितलं. खाडीपलीकडची ती वाडी, एकोणीस घरं, आपल्या मशिदीच्या जमातीतली. आपलीच मशीद, आपलंच कबरस्तान, पण मयत झालं की होडीची वाट बघायची. म्हणून त्यांनी धरलं की आम्ही आमच्याच काठावरच्या, पलीकडच्या गावाच्या जमातीत जातो. माझी फुपू, तुमची सख्खी बहीण, त्याच वाडीत दिलेली. शेवटी ठरलं, घरामागे एक मत. शाळेच्या पडवीत चादर बांधलेली, चादरीमागे मडकं. जायचं असेल तर चिंचोका, राहायचं असेल तर सुपारी. आणि मोजायला तुम्ही, कारण जमातीची पत्रं तुम्ही लिहायचात, निकाहाचं रजिस्टर तुमच्याकडे, तुमच्या अक्षरावर दोन्ही गावांचा विश्वास. तुम्ही मडकं उपडं करता, बोटाने एकेक बाजूला सारता. नऊ सुपाऱ्या. अकरा चिंचोके. घरं एकोणीस आणि मतं वीस!

काय गोंधळ झाला तो. वरच्या गावाने निरोप धाडला, हे मत आम्ही मानत नाही, वाडीच्या लग्नाला आमचा माणूस येणार नाही. पलीकडच्या गावाने त्याच जुम्म्याला बिर्याणीची देग पाठवली, या म्हणाले, तुम्ही आमचेच. मधल्या गावाच्या मुली दोन्हीकडे दिलेल्या, त्यांनी तोंडच उघडलं नाही. "एक चिंचोका काढला तरी दहा उरतात, वाडी गेलीच," असं तुम्ही सांगत होतात, पण आपले लोक तुम्हालाच म्हणाले, "बहिणीसाठी मडक्यात हात घातलास." मग वाडीतली एक म्हातारी वारली आणि मत न मानणारे सगळे होड्या करून खांदा द्यायला गेले! आईने तर एक दिवसही फुपूकडे डबा पाठवायचा थांबवला नव्हता. तिकडून सांदणं यायची, नारळाच्या दुधातली, मऊ. इथे सून करते तेव्हा मी मुद्दाम एक जास्त खाते.

मुलगा कामावरून आला, नकाशा बघून हसला. म्हणाला, "अम्मी, आपल्याला इथे कोण विचारतंय, राहायचं की जायचं?" त्याच्या प्लँटमध्ये आता सौदी माणसं वाढवायची आहेत, अर्धे दोस्त नोकरी खलास होऊन घरी गेले. त्याचा इकामा, इथे राहायचा परवाना, यंदा पुन्हा झाला, म्हणून नातीची ही बडबड माझ्या कानावर आहे. मी रोज शुक्र करते.

पण पोरगी हुशार, तुमच्यावर गेलीय. सगळे चिंचोके परत वाटीत टाकले आणि विचारलं, "दादी, वो एक एक्स्ट्रा किसने डाला?" मी म्हटलं, "कोण जाणे गं, किती वर्षं झाली."

मी टाकला, बाबा. तुम्हाला पाणी द्यायला चादरीमागून आले. फ्रॉकच्या खिशात खेळायचे चिंचोके होते. सगळे टाकत होते, मलाही टाकावासा वाटला. बास, एवढंच.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? घडी करून चिंचेच्या बरणीखाली ठेवणार आहे. पण ठेवण्याआधी अजून एक. त्या बोलण्यानंतर तुम्ही निकाहाचं रजिस्टर जमातीला परत द्यायला निघालात, तेव्हा मी दारात होते. तोंडात फुपूचं सांदण होतं, गिळेपर्यंत तुम्ही वळणापलीकडे गेलात, म्हणून सांगायचं राहिलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. बाबा, सांदण कधीच गिळून झालं होतं.