टाकातलं तांबं

ती. आक्का,
नमस्कार.

काल तुझे देव पोचले. खंडोबा आणि भवानीचे चांदीचे टाक, तुझी सहाण आणि शिरीषची चिठ्ठी. कुरिअरला दोन हजार चारशे रुपये! कुणी येणाऱ्याबरोबर दिले असते तर फुकट आले असते. पण तुझ्या लेकाला बदलीच्या गावी पूजा जमणार नाही, म्हणून देव थेट सिंगापूरला, धाकट्या जावेकडे. चिठ्ठीत नुसतं 'काकू'; मी तुझी सख्खी बहीण, म्हणजे त्याची मावशीही आहे, हे तो विसरलाच.

तू जाऊन चार महिने झाले, तरी पत्र लिहितेय. देवाधर्माची शंका आली की तुलाच विचारायची सवय. आणि उद्या सराफाला उत्तर द्यायचं आहे.

खंडोबाचा चेहरा कुठे गेला गं? घोडा आहे, तलवार आहे, तोंडाच्या जागी नुसती चकाकी. भवानीला तर कडेने चीर गेली आहे. किती घासायचीस! 'शंभर नंबरी चांदी, देवाला भेसळ नको,' हे तुझं पालुपद. आपल्या सराफाने 'थोडं तांबं घालू का?' विचारलं, तर भर दुकानात म्हणालीस, 'देव हातात आहेत, आधी चपला काढ, मग तांब्याचं बोल!'

माझी क्षमा इथल्या विद्यापीठात चांदीवरच काम करते. तुला मी 'भांड्यांचं काहीतरी' म्हणून वेळ मारून नेली. आता ऐक.

धातू आतून रव्यासारखा, कणाकणांचा. कण बारीक तेवढा धातू बळकट, कारण दाबल्यावर आतले थर घसरतात ते प्रत्येक कणाच्या कडेशी अडतात. क्षमाचे कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो मावतील. पण फारच बारीक केले की उलटं होतं. जिकडेतिकडे कडाच, कण एकमेकांवरून सरकतात, नुसते ठेवले तरी मिळून मोठे होतात आणि चांदी पुन्हा मऊ! तिथे तांब्याचे थोडे अणू घातले की ते कडांवर जाऊन बसतात, कणांना हलू देत नाहीत.

"म्हणजे पाकात लिंबू!" हे ऐकून मी क्षमाला म्हटलं.

"काय?"

"अगं, मावशी गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळायची. नाहीतर पाक दाणे धरतो."

ती हसली. "रसायन वेगळं आहे, आई. पण दाणे वाढू न देणं तेच."

"आणि जास्त झालं तर?"

"बिघडलं! तांबं कडा सोडून आपलाच घोळका करतं."

मग सरळ विचारलं, खंडोबात घालू का?

"माझी चांदी वेगळी. टाकाचे कण मोठे असतात. पण तिथेही तांब्याचा लहान अणू चांदीच्या रांगेत शिरला की रांग वाकडी होते, थर सहज घसरत नाहीत. चेहरा टिकेल. देवाला चालेल का, ते मावशीचं खातं."

मावशीचं खातं! आजारपण लपवलंस ते लपवलंस, निदान एवढं तरी सांगून जायचंस.

इथल्या सेरंगून भागातला तमिळ सराफ तर शुद्ध चांदीचं ऐकून हसलाच. "अम्मा, प्युअर सॉफ्ट लाह!" (शेवटचं 'लाह' हे इथल्या बोलण्याचं शेपूट.)

आज पूजेला बसले. खंडोबाला गंध लावताना बोट थांबलं. लावायचं कुठे? तिथेच माझं ठरलं. तुझ्या भक्तीत खोट नव्हती, आक्का, पण देव शुद्ध राहिला आणि दिसेनासा झाला. आईने लग्नात दिलेली तुझी अन्नपूर्णा पंचधातूची. पाच धातूंची मिसळण ती, तिला नैवेद्य दाखवायचीसच ना?

तुझ्या हाताखाली झिजलेली तीच चांदी आटवायची, त्यात रीतीप्रमाणे तांबं, आणि नवे टाक. चंपाषष्ठीच्या आत देव बसतील, मऊ फडक्यानेच पुसेन, आणि क्षमाच्या हाती देताना दोघांचे चेहरे स्पष्ट असतील. हा माझा शब्द.

तुझी हरकत असेल तर उलट टपाली कळव. उद्या अकराला दुकान उघडतं. तोवर वाट पाहते.

तुझी धाकटी,
कुसुम