तिघे सुखरूप उतरले की नारळ

गेल्या सोमवारी सकाळी मी देवापुढे दिवा लावला आणि मुलगी शुभांगी कामावर निघत असताना फोनवर विचारून बसलो, "कुठं चालली व माय?" निघालेल्या माणसाला असं विचारू नये, हे मला कळतं. माणसांना अवकाशात नेणारं नवं रॉकेट तयार होत आहे, तिथे ती कामाला आहे. त्या दिवशी रिकाम्या रॉकेटची चाचणी ऐनवेळी थांबली. तेव्हापासून माझी झोप उडाली.

मी, हिरामण सोमाजी सेलोकर, वय एकोणपन्नास, शेतकरी, रा. करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाशिवाय हे लिहितो. बुद्धी ठिकाणावर आहे. उद्या हृदयाचं ऑपरेशन आहे आणि मी अजून होकार दिलेला नाही.

१. राहतं घर व बँकेतली ठेव पत्नी रीताला. भिंतीवर चिकटवलेली रॉकेटची कात्रणं चुना मारून झाकू नयेत.

२. तळ्याखालचं धानाचं शेत, माझ्या वाटणीचं, शुभांगीला. थोरला भाऊ चिंधू म्हणतो, "अबे, रॉकेटात बसून धान कापाले येईन का ते?" नाही येणार. तरी शेत तिचंच. चिंधूने साक्षीदार म्हणून सही करावी, म्हणजे पुढे "मले मालूम नव्हतं" म्हणता येणार नाही. माझा पाण्याचा पंप कधीचा त्याच्याकडे आहे. तो कोणी मागू नये.

३. पुढे माणसं घेऊन रॉकेट उडालं म्हणून नारळ फोडू नये. आत बसलेले तिघे परत येऊन समुद्रात उतरले आणि सुखरूप बाहेर निघाले की मगच मारुतीपुढे फोडावा. तोवर त्यांचे आईबाप वाटच बघत असतात.

माझ्या विचारण्यानेच चाचणी थांबली, असं शुभांगीला फोनवर म्हणालो तर ती हसली. "बाबा, तुमच्या पुसल्यानं नाही जी. नळी गळत होती, म्हणून आम्हीच थांबवलं. आता उघडून दुरुस्त करून राहिलो. तुम्हीच छाती उघडू देऊन नाही राहिले."

मी म्हटलं, "रॉकेट बिघडलं तर माणसांची खोली सुटून दूर उडते म्हणते तू. माझ्या ऑपरेशनच्या टेबलाले हाये का तशी सोय?"

ती म्हणाली, "नाही बाबा. पण घरी बसून तं कोणतीच सोय नाही."

स्थळ : नागपूर, दवाखाना. दि. १२ फेब्रुवारी २०२६
सही : हिरामण सोमाजी सेलोकर
साक्षीदार : चिंधू सोमाजी सेलोकर, वीरेंद्र भोयर (शेजारी)

सह्या झाल्यावर लिहितो : डॉक्टरांना हो म्हटलं. गळ्यातली तुळशीची माळ स्वतःच्या हाताने उतरवून रीताच्या ओंजळीत ठेवली.