कनकाचं कार्य

मद्रास, सोमवार, ७ ऑगस्ट १९६१
नक्की ठरलं. राजगोपाल मला मागणी घालणार. तोंडाने नाही, चित्रातून.

आमच्या पेपरात दर शनिवारी त्याचं ‘वज्रवीर’ कॉमिक येतं. त्यात एका संपादकाची सेक्रेटरी आहे, कनका. जाड चष्मा, अंबाड्यात खोचलेलं पेन. इथे संपादकांची सेक्रेटरी कोण? मी. अंबाड्यात पेन कोण खोचतं? मीच. कनका दोन वर्षांपासून आहे, मी आठ महिन्यांपासून. याला म्हणतात योग.

ती वज्रवीरवर जीव टाकते, तो ढिम्म. पण आज राजगोपाल संपादक नारायणस्वामींना म्हणाला, शनिवारी कनकाला ‘कारियम’. म्हणजे कार्य! लग्न! साताऱ्याहून आले तेव्हा तमिळचा ‘त’ येत नव्हता. आता एक शब्द निसटत नाही.

मंगळवार, ८
घरमालकीण राजसबाईंना सांगितलं. त्या तंजावरकडच्या. म्हणाल्या, आडी महिना चाललाय गे, आडीत लग्नकार्य कोण करतंय? आणि तमिळात कारियम म्हणजे... पुढचं मी ऐकलं नाही. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वीचं. शिवाय कॉमिकला आडी-बिडी लागत नाही.
संकल्प: उद्यापासून शांत राहायचं.

बुधवार, ९
तीन पत्रं चुकली. रिबन खराब आहे.
नारायणस्वामी दिल्लीला गेले. जाताना म्हणाले, शनिवारच्या कॉमिकच्या जाहिरातीची चौकट पहिल्या पानावर टाका, मजकूर तुम्हीच करा. देवच पाठीशी आहे.

गुरुवार, १०
मजकूर कंपोझला दिला: ‘शनिवारी कनकाचं शुभकार्य. वाचकांनी आशीर्वादासाठी कचेरीत यावं. वधू राजी आहे.’ शेवटचं वाक्य खास राजगोपालसाठी. आता माघार नाही. रात्रभर झोप नाही. कॉफी जास्त झाली असणार.

शुक्रवार, ११
छापून आलं. राजगोपालने वाचलं, माझ्याकडे पाहिलं. पांढराफटक पडला. पुरुष लाजले की असेच दिसत असतील. मग धावत फोनकडे गेला. आईला कळवायचं असेल.

शनिवार, १२. सकाळी सात
हिरवी साडी नेसून पेपर उघडला. पहिल्या चित्रात कनका प्रेसच्या गच्चीवर. चौथ्यात खाली. शेवटच्यात तिचा हार घातलेला फोटो.
राजसबाई हळूच म्हणाल्या, कारियम म्हणजे दिवसकार्य गे. मेल्यावरचं.
मला रडू आवरेना.

दुपारी
कचेरीसमोर वाचकांची गर्दी. हळदकुंकू, मोगऱ्याच्या माळा, एव्हरसिल्व्हरची म्हणजे स्टीलची भांडी. अहेर कुणाकडे द्यायचा, विचारतायत. मी अंबाड्यातलं पेन काढून ठेवलं.

सोमवार, १४
नारायणस्वामी परतले. ओरडले नाहीत. दिलगिरीचा मजकूर टाइप करायला सांगितला, बस. राजगोपाल अजून बोलत नाही. पण वधू राजी आहे हे त्याने वाचलंय. कनका मेली म्हणून काय झालं? मी आहे की. आडी संपायची वाट बघत असेल.

शुक्रवार, १८
आडी संपला. राजगोपाल स्वतः माझ्या टेबलाशी आला. हातात हळद लावलेल्या पत्रिका. म्हणाला, येत्या गुरुवारी कल्याणम्. हा शब्द मात्र मला बरोबर कळला. वधू अलमेलू, कुंभकोणमची. तुमचं टायपिंग स्वच्छ असतं, पाकिटांवर पत्ते टाइप करून द्याल का?
दिले. त्यात एक माझ्या नावाचं होतं. स्पेलिंग बरोबर आहे.