आखाजीचा चेक

यावल,
१२ जून

तीर्थस्वरूप रतिलालभाऊ यांना लीलाधरचा नमस्कार.

(जावयाने बायकोच्या भावाला तीर्थस्वरूप लिहावं का, यावरून तुमच्या बहिणीचं आणि माझं सकाळीच वाजलं. शेवटी तुम्ही माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहात या मुद्द्यावर मी माघार घेतली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मुद्दा कोणताही असो, माघार मीच घेतो.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? आंब्याचा रस त्या अजून लपूनच पितात की आता उघडपणे? इकडे सर्व ठीक. प्रमिला मजेत आहे. कारखाना कसा चालला आहे, हे मात्र या पत्रात मी विचारणार नाही. त्याचं कारण पुढे येईल.

पत्र लिहायचं निमित्त म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी आलेल्या बहिणीबरोबर तुम्ही पाठवलेला एक्कावन्न हजारांचा चेक. तो पोचला. पोचला एवढंच लिहितो, जमा झाला असं लिहीत नाही, कारण आमच्या संस्थेत पाच हजारांच्या वरची देणगी बैठकीत ठराव झाल्याशिवाय बँकेत जात नाही. तो ठराव काल झाला. तो काय झाला हे सांगण्याआधी ही संस्था म्हणजे काय प्रकार आहे ते तुम्हाला नीट सांगितलं पाहिजे. मागे फोनवर तुम्ही मला विचारलं होतं की दाजी, तुम्ही पेपर काढता म्हणजे नेमकं काय विकता? तेव्हा तुमच्याकडे मशीनचा आवाज चालू होता म्हणून मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं की आम्ही काहीच विकत नाही.

संस्थेचं नाव ‘गाळ’. हे नाव ऐकून मीही तुमच्यासारखाच हसलो होतो. पण रूपालीचं म्हणणं असं की गाळ खाली बसला की वरचं पाणी स्वच्छ दिसतं आणि लोक निश्चिंत होतात, म्हणून तो कुणीतरी ढवळायला हवा. ही रूपाली आमच्याच आळीतली. पुण्यात एका मोठ्या वर्तमानपत्रात चांगली नोकरी होती. ती सोडून इकडे आली आणि बस स्टँडमागे एक खोली भाड्याने घेऊन नद्या, विहिरी, जंगल, वाळू, कचरा यांच्याच बातम्या लिहू लागली. सोबत कुंदन नावाचा एक छायाचित्रकार, त्याची मोटारसायकल आणि एक टेबल. बातमी आपल्या संकेतस्थळावर टाकायची आणि ज्या पेपरला हवी त्याने ती फुकट छापायची, एवढीच अट की एक शब्द बदलायचा नाही. एका बातमीला चार-चार महिने लावतात. (मी म्हटलं, बाई, एवढ्या वेळात गव्हाचं पीक निघतं. ती म्हणाली, काका, गव्हावर कुणी नोटीस पाठवत नाही.)

मी विकास सोसायटीचा सचिव म्हणून एकतीस वर्षं काढली हे तिला माहीत होतं. तिला असा खजिनदार हवा होता ज्याला पैशाचा मोह नाही आणि माणसांची भीड नाही. पहिल्या गुणाबद्दल तिने कुणाकडे चौकशी केली ते कळलं नाही. दुसऱ्याबद्दल प्रमिलाने सांगितलं की हे माझ्याकडूनसुद्धा भाजीची पावती मागतात. त्याच दिवशी नेमणूक झाली.

कायद्याने ही ‘ना नफा’ संस्था आहे. आमच्या केळीच्या बागेलाही ना नफा असतो, पण तिला कुणी संस्था म्हणत नाही, म्हणून मला आधी फरकच कळेना. मग रूपालीने कागद पुढे ठेवले. वर्षाचा खर्च सात लाख ऐंशी हजार. त्यात दोघांचे पगार (तिचा बावीस हजार, कुंदनचा पंधरा. कुंदनचं पेट्रोल वेगळं, आणि ते भरपूर असतं), प्रयोगशाळेत पाणी तपासायचे पैसे, एक वकील आणि खोलीचं भाडं. आवक अशी, की पुण्याच्या एका विश्वस्त निधीकडून चार लाख, वाचकांकडून अडीच लाख, कॉलेजच्या पोरांना बातमीदारी शिकवण्याचे ऐंशी हजार. तूट पन्नास हजारांची. म्हणजे भाऊ, तुमचा चेक धरला तर तूट भरून वर एक हजार उरत होते आणि संस्थेला जन्मात पहिल्यांदा नफा होऊन तिच्या नावाला बट्टा लागणार होता. चेक नसेल तर मात्र पोळ्यापर्यंतच पगार निघतील एवढीच शिल्लक आहे. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना लक्षात राहील.

नियम तर असे आहेत की आमच्या सोसायटीत ते लागू केले असते तर संचालक मंडळच उरलं नसतं. जाहिरात घ्यायची नाही. निनावी देणगी घ्यायची नाही. पाच हजारांवर कुणी दिलं तर त्याचं नाव आणि रक्कम संकेतस्थळावर आणि खोलीबाहेरच्या फळ्यावर खडूने. देणगी देणाऱ्याला बातमी इतर वाचकांबरोबरच कळणार, त्याआधी नाही. आणि ज्याच्याबद्दल बातमी चालू आहे त्याचा एक रुपयाही खात्यात राहणार नाही. मी पहिल्या महिन्यात हे वाचलं तेव्हा वाटलं, पोरीने दुकान उघडून दारातच भिंत बांधली आहे. आता वाटतं की ही भिंत आहे म्हणूनच लोक आत येतात.

पण उत्साहाच्या भरात माझ्या हातून एक घोटाळा झाला, तो सांगितलाच पाहिजे. गेल्या वर्षी वाचकांचा मेळावा भरवला. मला वाटलं, देणगीपेटी ठेवली तर लोक दहाची नोट घडी करून टाकतील. म्हणून मी आपल्या लग्नातल्यासारखा माईक लावला, आहेराची लाल वही घेऊन टेबलावर बसलो आणि एकेकाचं नाव पुकारू लागलो. माईकवर नाव म्हटलं की आपला माणूस शंभराच्या जागी अडीचशे देतो. अडतीस हजार सहाशे जमले. रूपाली थक्क झाली आणि मी दोन दिवस छाती काढून फिरलो. मग लग्नसराई आली.

पहिली पत्रिका बेबाबाईंची. त्यांनी पाचशे एक दिले होते, आता दीड महिन्याने नातीचं लग्न होतं, आणि पत्रिकेवर हाताने लिहिलं होतं की ‘गाळ’ परिवाराने अगत्य येणेचे करावे. आहेराची वही म्हणजे आहेर, आणि आहेर म्हणजे तो आपल्या घरच्या कार्यात थोडा वाढवून परत यायचा, हा आपला रिवाज मी स्वतःच लाल वहीत बांधून ठेवला होता. पाठोपाठ आणखी बावीस पत्रिका. संस्थेच्या पैशातून कुणाच्या लग्नात एक पैसा देता येत नाही, लेखापरीक्षक फाडून खाईल. पहिल्या तीन लग्नांत मी स्वतःच्या खिशातून संस्थेच्या नावाने आहेर केला. चौथ्याला प्रमिलाने पाकीट काढून घेतलं.

यातून वाट रूपालीने काढली, आणि तेव्हापासून मी त्या मुलीला मनातून मानतो. ती म्हणाली, आपल्याला जे करता येतं तेच आहेरात देऊ. ज्या घरी लग्न, त्या घरच्या विहिरीचं पाणी पंधरा दिवस आधी तपासायचं आणि अहवाल द्यायचा. वाचकांसाठी पाणी तपासणं हे संस्थेच्या कामातच बसतं, त्याला लेखापरीक्षकाची हरकत नव्हती. बेबाबाईंच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी पिण्यालायक नाही असं निघालं. आठशे माणसं तेच पिणार होती. बेबाबाईंनी टँकर मागवला आणि लग्नात माईकवरून स्वतः सांगितलं की ‘गाळ’कडून विहिरीचा अहवाल, आणि यापुढे त्या विहिरीचं पाणी कुणी पिऊ नये. मंडपातले लोक जेवता जेवता थांबले. दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर अठरा माणसं बाटल्यांत पाणी घेऊन उभी होती. त्या अहवालांवरून जी बातमी झाली ती चार पेपरांनी छापली, आणि आता तालुक्यात विहिरी तपासायचं काम सरकारी खर्चाने सुरू आहे. मला अजून अभिमान कशाचा वाटावा हे नीट ठरवता येत नाही, पण वाटतो खरा.

आता माझी स्वतःची पाळी. केळीच्या घडाला आपण प्लॅस्टिकच्या पिशव्या घालतो, त्या घड उतरल्यावर जातात कुठे, अशी बातमी करायचं फेब्रुवारीत ठरलं. कल्पना माझीच. बैठकीत मीच ऐटीत म्हणालो की एकेक पिशवी खुणेने ओळखून तिच्या मागे जा. रूपालीने वीस पिशव्यांवर खूण केली आणि त्या कुणाच्या बागेत घातल्या, तर माझ्याच. मी खुशीत परवानगी दिली. एप्रिलमध्ये बातमी आली, आणि तिच्या पहिल्याच परिच्छेदात खजिनदाराच्या बांधावर, नाल्याच्या तोंडाशी पडलेला पिशव्यांचा ढीग, फोटोसह. खुणेच्या वीसपैकी सात तिथे सापडल्या होत्या. छापण्याआधी तिने मला समोर बसवून विचारलं होतं, काका, ढीग तुमचा का? मी तेव्हाच राजीनामा लिहून दिला. तिने तो वाचला, तारीख चुकली आहे म्हणून सांगितलं आणि परत दिला. मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी ढीग उचलला, पोत्यात भरला आणि भंगारवाल्याला दिला. त्या महिन्यात वाचकांच्या देणग्या दुपटीने आल्या. जे आपल्या खजिनदाराला सोडत नाहीत ते कुणाला सोडतील, असं लोक म्हणत होते. रागाची जागा हळूहळू कशाने घेतली ते मी प्रमिलालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो. नोकरीच्या एकतीस वर्षांत मी असं सरळ काम पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्याच आळीतल्या पोरीच्या हातून होताना पाहायला मिळालं याचा आनंद झाला.

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पाऊस वेळेवर आला तर पोळ्याला येऊन जावं.

तुमचा,
लीलाधर

ता. क. — चेकचं राहिलंच. खुणेच्या वीसपैकी उरलेल्या तेरा पिशव्या भंगारवाल्याच्या टेम्पोतून निघाल्या. कुंदन मोटारसायकलवर मागे होता. यावल, जळगाव, धुळे, आणि पुढे टेम्पो नरडाण्याला तुमच्या फाटकात शिरला. तुम्ही जुन्या पिशव्या धुऊन त्यांचे प्लॅस्टिकचे दाणे करता हे चांगलंच काम आहे, आणि तेही बातमीत येणार आहे. पण धुतलेलं पाणी कुठे जातं हा प्रश्न आता चालू आहे. त्यामुळे नियमाप्रमाणे कालच्या ठरावाने चेक परत केला, तो सोबत जोडला आहे. चेक दिलात तेव्हा तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, हे मी ठरावात मुद्दाम लिहून घेतलं. तूट भरायला रूपाली पाच महिने अर्धा पगार घेणार आहे. ठराव तिने मांडला, अनुमोदन मी दिलं आणि खाली सहीही केली.

ता. क. २ — परत आलेला आहेर हा अपमान असतो हे मला कळतं. म्हणून चेकसोबत माझ्या खिशातली शंभराची नोट ठेवली आहे. वाढवून दिलं की तो फिरवलेला आहेर नाही, वळता केलेला आहेर होतो. कुणी विचारलं तर असंच सांगा.

ता. क. ३ — आता खरं काम. सोबत रूपालीचे सात प्रश्न आहेत. वीस जूनपर्यंत लेखी उत्तर द्यावं, तुमचं म्हणणं शब्दही न बदलता छापू असं तिने लिहून दिलं आहे. उत्तर माझ्याकडे पाठवू नका, मला ते आधी बघायचा अधिकार नाही. अजून काही छापलेलं नाही.

ता. क. ४ — हे लिहू की नको असं दोनदा झालं, पण प्रमिला मागे उभी राहून वाचते आहे. पाण्याबद्दल रूपालीला कुंदनने सांगितलं नाही. त्याला फाटकाच्या आत काही दिसलं नाही. आखाजीला तुम्ही कारखान्यामागच्या कडुलिंबाला बहिणीसाठी झोका बांधलात (छप्पन्नाव्या वर्षी ती किती उंच गेली असेल ते तुम्हीच जाणता). त्या झोक्यावरून भिंतीपलीकडचा नाला आणि त्यात कारखान्यातून येणारं पाणी दिसतं. ती तिथून तुमचा चेक आणि ते पाणी, दोन्ही घेऊन घरी आली, आणि एक महिना गप्प होती. त्या एका महिन्यात तिने भाजीत दोनदा मीठ घातलं, तेव्हा मला काही कळलं नाही. मग रूपाली टेम्पोचं सांगायला घरी आली आणि कसं विचारावं म्हणून अडून बसली, तेव्हा हिने चहाचा कप ठेवून नाल्याचं सांगितलं आणि म्हणाली, “भाऊले सरळ इचार. त्याले खोटं बोलता येत नही.” आणि लहानपणी तुम्ही शेजारच्या नानांच्या पाटाचं पाणी आपल्या कपाशीत वळवलं होतं, नानांनी साऱ्या पोरांना रांगेत उभं केलं, आणि कुणी तुमचं नाव घ्यायच्या आत तुम्हीच हात वर केलात, ती सगळी गोष्ट तिने रूपालीला सांगितली. रूपालीने ती वहीत लिहिली नाही, नुसती ऐकली.

तुमच्या बहिणीचा निरोप जसाच्या तसा देतो: “पुढली आखाजीले मी येसू. झोका तठेच बांधजो.”